जुन्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीनचा पार्ट मिळत नाही? मागवण्याआधी या क्रमाने तपासा

आधी लक्षणं सांगते. यातली दोन-तीन जरी तुमच्या मशीनला लागू पडत असली तरी पुढचं सगळं वाचा.

मशीन पंधरा-वीस वर्षांचं किंवा त्याहून जुनं आहे. धागा सारखा तुटतो, टाके सुटतात, आणि मिस्त्री बघून म्हणतात, हूक (सुईच्या धाग्याचा फास पकडून खालच्या धाग्यात गुंफणारा फिरता भाग) गेला. चालता चालता मशीन थांबतं, मुख्य शाफ्ट १०० अंशावर नाही असा एरर येतो, बंद करून चालू केलं की तासभर काही होत नाही. डिझाइन मध्येच सरकतं, बॉर्डर एकीकडे आणि भरणी दुसरीकडे. फ्लॉपी वाचली जात नाही. रात्री बंद केलेलं मशीन सकाळी चालू केलं की मेमरीतली डिझाइनं गायब. आणि कुठेही फोन लावला तरी एकच उत्तर येतं: "ताई, या मॉडेलचे पार्ट यायचे बंद झाले."

याहून वाईट म्हणजे पार्ट मिळतो, चांगला महाग मिळतो, बसवला जातो आणि पंधरा दिवसांत तोच दोष परत हजर. असं झालं असेल तर बहुतेक वेळा पार्ट खराब नव्हताच, दोष दुसरीकडे होता.

कोल्हापुरात माझं छोटं युनिट आहे. एक जपानी मशीन, एका डोक्याचं, बारा सुयांचं, वापरलेलंच घेतलेलं आणि फ्लॉपीवर चालणारं. दुसरं चार डोक्यांचं (डोकं म्हणजे आपल्या सुया आणि हूक असलेला एकेक शिवणारा संच), चिनी कंट्रोलचं. जूनमध्ये शाळांचे लोगो, श्रावण लागला की मंडळांचे टी-शर्ट, मग लग्नसराईतले ब्लाउज. यातल्या कुठल्याही हंगामात मशीन बंद पडणं परवडत नाही, त्यामुळे "पार्ट मिळत नाही" हे दुखणं मी माझ्याकडे आणि ओळखीच्यांच्या युनिटमध्ये इतक्या वेळा निस्तरलंय की आता तपासण्याचा क्रम ठरून गेलाय. फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर.

त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जुन्या मशीनच्या बहुतेक पार्टना दोन नावं असतात. एक मशीन कंपनीच्या पार्ट-बुकातला नंबर. दुसरं, ज्याने तो पार्ट प्रत्यक्षात बनवला त्याचं नाव आणि नंबर. मशीन कंपनी बेअरिंग बनवत नाही, बेल्ट बनवत नाही, सेन्सर आणि मोटरही बऱ्याचदा बाहेरूनच घेते. पहिला नंबर कॅटलॉगमधून गेला की दुकानदार "बंद झालं" म्हणतो, पण दुसऱ्या नावाने तीच वस्तू बाजारात पडून असते. म्हणून मशीनचं नाव सांगून शोधू नका. पार्ट पुसा, त्यावर काय कोरलंय किंवा छापलंय ते वाचा, आणि त्या नावाने शोधा.

फुकटातली तपासणी: दोष नेमका कुठे आहे

कागद-पेन घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

धागा एकाच सुईवर तुटतोय का? तसं असेल तर दोष त्या सुईच्या वाटेवर आहे: टेन्शन (धाग्याचा ताण), चेक स्प्रिंग, टेक-अप लिव्हर, नीडल बार किंवा सुई स्वतः. हूक सगळ्या सुयांना एकच असतो. सहाव्या सुईवर तुटतं आणि सातवीवर सुरळीत चालतं, तर हूक बदलून काहीही होणार नाही.

त्या डोक्यावरच्या सगळ्याच सुयांवर तुटतोय? मग हूक, बॉबिन केस (खालच्या धाग्याच्या रिळाची डबी), नीडल प्लेट, कटर, म्हणजे सगळ्या सुयांना सामाईक असलेल्या गोष्टी.

चारही डोक्यांवर एकदम बिघडलंय? मग डोकी सोडून द्या. बेल्ट, मेन शाफ्ट, फ्रेमचा ड्राइव्ह, वीज किंवा डिझाइन बघा. डिझाइनची शंका दूर करायला एक जुनं, कायम नीट चाललेलं डिझाइन कसोटीला म्हणून राखून ठेवा. ते नीट चाललं आणि नवं चाललं नाही, तर डिजिटायझिंग करणाऱ्याला, म्हणजे चित्रावरून टाक्यांची फाइल बनवणाऱ्याला फोन करा. बारीक टाक्यांची गर्दी झालेलं डिझाइन कुठल्याही चांगल्या मशीनवर धागा तोडतं.

एकापेक्षा जास्त डोकी असतील तर अदलाबदल करून बघा. पहिल्या डोक्याची बॉबिन केस दुसऱ्याला लावा. दोष केसबरोबर गेला तर केस बदला, जागेवर राहिला तर पुढे शोधा. एका डोक्याचं मशीन असलेल्यांना ही सोय नाही, पण तोच धागा शेजारच्या सुईवर ओवून तेवढीच चाचणी होते.

याच बैठकीत नेमप्लेटचा फोटो काढा: मॉडेल, सिरीयल नंबर, व्होल्टेज. पडद्यावरचा एरर जसाच्या तसा लिहून घ्या. "काहीतरी शंभरचा एरर" एवढ्यावर कुणालाही मदत करता येत नाही.

दहा-वीस रुपयांची तपासणी: सुई, बॉबिन, धागा

हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही सगळे हेच सोडून पुढे जातात. इंडस्ट्रियल मशीनला साधारण डीबी×के५ सुई लागते. तिचा डोळा मोठा असतो, म्हणून भरतकामाचा धागा तिच्यातून घासल्याशिवाय निघतो. नंबर बहुतेक कामाला ७५/११. सुई वर टेकेपर्यंत गेली पाहिजे, डोळा समोर, मागची खाच हूककडे. जराशी तिरकी बसली तरी हूकचं टोक फास चुकवतं आणि टाका सुटतो.

बॉबिन केस धाग्याला धरून लटकवा आणि हलका झटका द्या. दोन-तीन इंच खाली सरकून थांबली पाहिजे. सरळ खाली घसरली किंवा जागची हललीच नाही तर आधी केसवरच्या टेन्शनच्या पट्टीखालची घाण काढा. एक केसाएवढा तुकडाही टेन्शन बिघडवतो. सॅटिन टाक्याची शिवलेली पट्टी उलटी करून बघा, मधला साधारण एक तृतीयांश भाग बॉबिनच्या धाग्याचा दिसायला हवा.

१०० अंशाचा एरर

यावर जरा थांबते, कारण लोक सगळ्यात जास्त पैसे इथे घालवतात.

मशीन प्रत्येक वेळी थांबताना मुख्य शाफ्ट ठरलेल्या कोनावर थांबायला हवा, म्हणजे सुई वर असते आणि रंग बदलता येतो, धागा कापता येतो. बऱ्याच मशीनवर हा कोन १०० अंश आहे. शाफ्ट कुठे आहे हे मशीनला एन्कोडर किंवा खाचांची चकती आणि सेन्सर सांगतात. एरर आला की मेकॅनिक पहिल्यांदा एन्कोडरचं नाव घेतो, आणि जुन्या मशीनचा एन्कोडर म्हणजे शोधाशोध आलीच.

माझ्या जपानी मशीनला हा एरर यायला लागला तेव्हा मीही एन्कोडर मागवला. तीन आठवडे वाट बघितली, बसवून घेतला. बारा-तेरा दिवस मशीन चाललं आणि एका सकाळी तोच एरर. मग मी स्वतः झाकण काढून बॅटरीच्या उजेडात शाफ्ट हाताने हळूहळू फिरवत बसले. शाफ्ट फिरत होता, पण एन्कोडरचं कपलिंग (शाफ्टला जोडणारा भाग) क्षणभर मागे राहत होतं आणि मग एकदम पकडत होतं. त्याचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) सैल झाला होता. शाफ्टवर त्या स्क्रूने पाडलेला चकचकीत ओरखडा दिसत होता. जुना एन्कोडर मी ठेवला होता, तो परत लावला, तो आजही चालतोय.

म्हणून इथे हा क्रम पाळा. वीज बंद करा, प्लग काढा. सेन्सरच्या खाचेतला कापसाचा भुगा मऊ ब्रशने काढा. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू नका, तिच्यात पाणी असतं आणि भुगा उडून बोर्डावर जातो. मग कनेक्टर काढून परत घट्ट बसवा, जुन्या कनेक्टरच्या पिना काळवंडतात. मग कपलिंगचे आणि पुलीचे ग्रब स्क्रू ॲलन कीने तपासा. मात्र काहीही सैल करण्याआधी शाफ्टवर आणि कपलिंगवर एकाच रेषेत मार्करची खूण करा. ती खूण नसेल तर १०० अंश नव्याने लावावे लागतात आणि ते काम वेगळंच. मग मुख्य बेल्टचा ताण बघा. ब्रेक असलेल्या जुन्या मोटरवर ब्रेक घासला असेल तर शाफ्ट १०० च्या पुढे घरंगळतो आणि एरर तोच येतो.

एवढं करूनही राहिलं तर एन्कोडर. त्याच्या लेबलवरून चार गोष्टी उतरवून घ्या: एका फेऱ्यातले पल्स, व्होल्टेज, आउटपुटचा प्रकार, आणि शाफ्टचा व्यास. या चारही जुळल्या तर मशीन कंपनीचा शिक्का नसलेला एन्कोडरही चालतो. पल्स वेगळे असतील तर बाकी सगळं जुळूनही उपयोग नाही.

बेल्ट आणि बेअरिंग: गावातल्या बाजारात मिळणाऱ्या गोष्टी

डिझाइन सरकत असेल तर दहा सेंटीमीटरचा चौकोन एकावर एक तीनदा शिवा. रेषा एकमेकींवर बसल्या तर मशीन ठीक आहे, कापड किंवा फ्रेम सैल आहे. फक्त आडव्या दिशेला सरकलं तर आडव्या हालचालीचा बेल्ट, पुली किंवा मोटर, उभ्या दिशेला सरकलं तर दुसरी बाजू. बेल्टखाली काळी भुकटी पडलेली दिसली की दात झिजत आहेत. मशीन बंद करून फ्रेमची पट्टी हाताने हलवा, ती आधी जराशी सैल हलते आणि मग एकदम पकडते, तर तिथे मोकळीक आहे.

आता बेल्ट शोधणं. त्याच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. २४० एक्सएल ०३७ असं दिसलं तर एक्सएल म्हणजे दातांमधलं अंतर ५.०८ मिलिमीटर, २४० म्हणजे लांबी २४ इंच, ०३७ म्हणजे रुंदी ०.३७ इंच. ५३५-५एम-१५ असेल तर लांबी ५३५ मिलिमीटर, दात ५ मिलिमीटरवर, रुंदी १५. नंबर पुसला गेला असेल तर दात मोजा आणि दहा दातांचं अंतर व्हर्नियरने (बारीक मापं घेणाऱ्या पट्टीने) घ्या. ५.०८ आणि ५ मधला फरक डोळ्यांना दिसत नाही. पण एक्सएलचे दात चौकटीसारखे आणि ५एमचे गोल असतात. चुकीचा बेल्ट बसवतानाच बसल्यासारखा वाटतो आणि आठवड्याभरात पुली खातो.

बेअरिंगचं तर त्याहून सोपं. कडेवर ६०८, ६२०२, ६२०४ असे आकडे कोरलेले असतात आणि ते जगभर तेच आहेत. ६०८ म्हणजे आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिलिमीटर. ६२०२ म्हणजे १५, ३५, ११. मशीन कंपनीच्या नावाखाली मागवलेलं बेअरिंग महिन्याने येतं, तेच आमच्या उद्यमनगरातल्या दुकानात पाच मिनिटांत मिळतं. मुंबईत नागदेवीला मिळेल. फक्त चांगल्या कंपनीचं घ्या आणि पुढचे अक्षरी कोडही जुळवा: झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे रबराचं.

ज्या पार्टवर काहीच छापलेलं नसतं, म्हणजे पितळी बुश, पिन, स्पेसर, लिव्हरचा तुकडा, ते लेथवर करून मिळतं. उद्यमनगरात मी तीन-चार वेळा करून घेतलंय. लेथवाल्यांकडे नुसता झिजलेला पार्ट देऊ नका, ते झिजलेलंच माप काढतील. ज्या शाफ्टवर तो बसतो त्याचं माप द्या, किंवा झीज न लागलेल्या टोकाचं माप दाखवा. हूक, कटरची पाती आणि नीडल बार मात्र लेथवर करायला जाऊ नका. ते पोलाद आणि त्याचं कडक करणं वेगळं असतं.

हूक

हूक खरंच जातो, पण लोक सांगतात तितक्या वेळा नाही.

नीडल प्लेट काढा. हूकच्या टोकावरून नख फिरवा. नख अडकलं तर टोकाला बारीक काटा उभा राहिलाय, सुई आपटल्यावर तसं होतं. नखाला कळलं नाही तर कापसाचा छोटा बोळा टोकावरून आणि कडांवरून ओढा. जिथे एक तंतू अडकून राहील तिथेच तुमचा धागा तुटतोय. बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढाच काटा काढा, टोकाची लांबी कमी करू नका. टोक बोथट झालं की फास पकडला जात नाही. माझ्याकडे "हूक गेला" म्हणून सांगितलेल्या हुकांपैकी बरेचसे एवढ्यावरच सुधारले.

मग हूकच्या आतली, बॉबिन केस बसते ती टोपली हाताने हलवून बघा. थोडी मोकळीक असतेच, पण ती खडखडत असेल, कडेवर खाच पडली असेल आणि तेल घालूनही आवाज येत असेल, तर हूक संपला. तेलाबद्दल एवढंच: रोज काम सुरू करताना आणि दिवसभर चालत असेल तर मध्ये पुन्हा, एकच थेंब, मशीनचं पातळ पांढरं तेल. जाड तेल किंवा ग्रीस हूकमध्ये जाऊ देऊ नका.

नवा हूक शोधताना जुना हातात धरून शोधा. त्यावर निर्मात्याची खूण असते. जपानच्या हिरोसे आणि कोबान या हूक बनवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचे हूक वेगवेगळ्या ब्रँडच्या मशीनमध्ये बसवलेले दिसतात. बऱ्याच चिनी मशीनचं डोकं टाजिमा या जपानी कंपनीच्या रचनेवर बेतलेलं आहे, त्यामुळे डोक्यातले पुष्कळ पार्ट एकमेकांना चालतात. पण "सेम आहे" या शब्दावर पैसे पाठवू नका. शाफ्टच्या भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजा, हूकची उंची मोजा, स्क्रू किती आणि कुठे आहेत ते बघा.

हूक बसवताना टायमिंग लावावं लागतं. टाजिमा पद्धतीच्या मशीनवर साधारण २०० अंशांच्या आसपास हूकचं टोक सुईच्या मागे येतं, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तोच धरा. टोक आणि सुई यांत ०.१ ते ०.३ मिलिमीटरची फट, टेकलं नाही पाहिजे आणि लांबही गेलं नाही पाहिजे. हे कधी केलं नसेल तर पहिल्यांदा जाणकाराला बोलवा, बाजूला बसून बघा, व्हिडिओ काढा. दुसऱ्या वेळी तुम्हाला जमेल.

फ्लॉपी

फ्लॉपी ड्राइव्ह दुरुस्त करत बसू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सोनीने फ्लॉपी विकणं २०११ मध्येच थांबवलं. आज बाजारात जी फ्लॉपी मिळते ती जुन्या साठ्यातली, आणि ती किती दिवस धरेल ते सांगता येत नाही. ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारा इम्युलेटर बसतो, गोटेक नावाने सगळीकडे मिळतो. मशीनला वाटतं फ्लॉपीच आहे.

मागवण्याआधी दोन गोष्टी बघा. मशीन ७२० केबीची फ्लॉपी घेतं की १.४४ एमबीची? जुनी मशीनं बऱ्याचदा ७२० वाली असतात आणि इम्युलेटर दोन्ही प्रकारचे येतात. दुसरं, मागची वायरची पट्टी ३४ पिनांची आहे ना, आणि जुन्या ड्राइव्हवरचे जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) कुठे लावलेत. कॉम्प्युटरमधला ड्राइव्ह सहसा दुसऱ्या नंबरवर लावलेला असतो आणि अशी मशीनं पुष्कळदा पहिला नंबर मागतात. इम्युलेटर लावूनही मशीन "डिस्क नाही" म्हणत असेल तर तो परत पाठवण्याआधी एस-झिरो, एस-वन हे जंपर बदलून बघा. त्याचा दिवा चालू केल्यापासून विझतच नसेल तर पट्टी उलटी लागलीय. लाल कड एक नंबरच्या पिनकडे हवी.

पेन ड्राइव्हवर फ्लॉपीचे वेगवेगळे खण तयार होतात. त्यातला एक खण मशीनवरच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. काही मशीनचा फॉरमॅट कॉम्प्युटरच्या फ्लॉपीसारखा नसतो. आणि जुन्या फ्लॉपीतली डिझाइनं ड्राइव्ह जिवंत आहे तोवर आजच कॉपी करून घ्या.

मेमरी जाणं

मेमरी रात्रीत पुसली जात असेल तर बोर्डावरची बॅटरी संपली. पार्ट स्वस्त आहे, पण उशीर महागात पडतो. जुन्या बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती फुटली की तिच्यातला द्रव बोर्डाच्या तांब्याच्या रेघा खातो, हिरवट-पांढरी साय धरलेली दिसते. तेव्हा बॅटरी दोनशे रुपयांची आणि बोर्ड मिळतच नाही अशी गत होते.

बॅटरी काढण्याआधी मशीनमधल्या सेटिंगच्या सगळ्या पानांचे फोटो काढा: सुयांची संख्या, फ्रेमच्या मर्यादा, कटरची वेळ, सगळं. काही मशीनमध्ये हेही त्याच मेमरीत असतं. सोल्डरिंगचा सराव नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चांगल्या माणसाकडे बोर्ड घेऊन जा. पुणेकरांना बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळ आणि मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडला बॅटरीही मिळेल.

सेन्सर आणि मोटर

सेन्सरचंही दोन नावांचंच सूत्र. खाचेचे ऑप्टिकल सेन्सर बऱ्याचदा ओमरॉनसारख्या कंपनीचे असतात, ईई-एसएक्स ६७० या मालिकेतले, आणि ते आजही मिळतात. नंबरच्या शेवटी पी असेल तर आउटपुट उलट्या प्रकारचं असतं, ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

फ्रेमच्या स्टेपर मोटरचं (ठरलेल्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरचं) लेबल फार लक्षपूर्वक वाचा. जुन्या जपानी मशीनमध्ये पाच फेजच्या मोटर आढळतात, एका पावलाला ०.७२ अंश. बाजारात सहज मिळणारी मोटर दोन फेजची, १.८ अंशाची. आकार सारखा, भोकं जुळतात, शाफ्टही जुळतो, आणि तरी ती त्या ड्राइव्हवर चालणार नाही. मशीन चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका. ड्राइव्ह जळतो, आणि मग शोधायला एका पार्टऐवजी दोन पार्ट होतात.

विचारायचं कुठे आणि कसं

आधी त्याच ब्रँडचा जुना डीलर. कॅटलॉगमधून गेलेला पार्ट त्याच्या कपाटात पडलेला असू शकतो. मग सुरत, तिथे एम्ब्रॉयडरीची मशीनं प्रचंड आहेत, त्यामुळे सुट्या पार्टचे आणि भंगारात काढलेल्या मशीनचे व्यापारीही आहेत. भिवंडीकडेही चौकशी करा. भंगारातलं डोकं पूर्ण मिळत असेल तर पूर्णच घ्या, एका हुकाच्या नादात तीन चांगले पार्ट सोडू नका.

विचारताना पार्ट पुसून, पांढऱ्या कागदावर, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. नेमप्लेटचा फोटो, व्हर्नियरची मापं आणि कोरलेला नंबर लिहून द्या. नुसतं "हूक हवा" लिहिलं की जो दुकानात आहे तो हूक येतो. बसला नाही तर परत घेणार का, हे पैसे पाठवण्याआधी लिहून घ्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पॉवर सप्लायचा डबा उघडू नका. २३० व्होल्टचा करंट आत गेल्यावर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी होतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो भरलेला राहतो. मशीन आपोआप रीसेट होत असेल, पडदा मंद होत असेल, तर सप्लायचे कपॅसिटर फुगले असण्याची शक्यता मोठी आहे. दुरुस्ती सोपी आहे, पण ती त्या कामाच्या माणसानेच करायची.

एकदा फ्यूज बदलला, त्याच ॲम्पियरचा टाकला आणि तोही उडाला, तर तिसरा टाकू नका. जळकट वास आला, अंगाला झिणझिण्या आल्या, तरीही तसंच. अर्थिंग तपासल्याशिवाय मशीन चालू करू नका.

सुई जोरात आपटून शाफ्ट हाताने फिरत नसेल तर ताकद लावू नका. अडकलेलं काढण्यापेक्षा वाकवलेलं सरळ करणं कितीतरी महाग पडतं.

सर्व्हो ड्राइव्ह आणि मुख्य बोर्ड हेही त्यांचंच काम. पण एक काम तुम्ही मशीन चांगलं असतानाच करून घ्या. जुन्या बोर्डांवर प्रोग्रामची चिप असते, तिच्या काचेवर स्टिकर असतो. तो स्टिकर काढू नका, उजेडातल्या अतिनील किरणांनी आतला प्रोग्राम हळूहळू पुसला जातो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून त्या चिपची कॉपी करून ठेवा. बोर्ड दुरुस्त होतो, पुसलेला प्रोग्राम कुठूनही मिळत नाही.

मुख्य बोर्ड गेला आणि दुसरा मिळालाच नाही तर सगळं कंट्रोल बदलता येतं, दाहाओसारखं चिनी कंट्रोल जुन्या मशीनवर बसवून देणारे मिस्त्री आहेत. डोकी आणि फ्रेमची चाल घट्ट असेल तरच तो खर्च करा. शाफ्टमध्येच मोकळीक असेल तर नव्या कंट्रोलनेही टाका सरळ पडणार नाही.

जाणकार येणार असतील तर त्यांच्या हातात एरर लिहिलेला कागद, काय काय तपासलं आणि काय बदललं त्याची यादी, आणि काढलेले सगळे जुने पार्ट द्या. तुम्ही काही कनेक्टर काढले असतील तर दोन्ही टोकांना एकच नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावून ठेवा, नाहीतर त्यांचा पहिला तास ते जुळवण्यातच जातो.